पाटल्या मोडण्याआधी

गेल्या महिन्यात बचत गटाची मीटिंग संपली, वह्या आवरून झाल्या, तरी एक जण उठेना. सगळ्या गेल्यावर तिने पिशवीतून एक गुळगुळीत छापील कागद काढला. "ताई, वाचून सांगा ना. यांना पुन्हा चालता येईल म्हणतात."

तिचे यजमान चार वर्षांपूर्वी बांधकामावरून पडले. मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं अंग गेलं. कागदावर एका दवाखान्याची जाहिरात होती. स्टेम सेलची इंजेक्शनं घ्या, मज्जातंतू पुन्हा वाढतील. खर्च काही लाख. तिचा हिशेब ठरलेला होता. पाटल्या मोडायच्या, उरलेले गटाकडून कर्जाऊ घ्यायचे.

मी बी.ए. झालेली बाई, शास्त्राशी संबंध दहावीनंतर सुटलेला. पण गटाच्या कर्जावर माझी सही लागते. म्हणून थोडा वेळ मागितला, ओळखीच्या डॉक्टरांना गाठलं, मिळेल ते वाचलं. मैत्रिणींनो, जे कळलं ते तुम्हालाही सांगते.

कडबाकुट्टीत हात सापडून नस कापली, तर डॉक्टर ती जोडतात आणि काही महिन्यांनी बोटांना हळूहळू जाण येऊ लागते. हातापायांतले मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढू शकतात. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचं तसं नाही. तिथे इजा झाली की जखमेचा व्रण अडसर होऊन बसतो आणि तुटलेले तंतू आपले आपण पुन्हा जुळत नाहीत.

इथेच स्टेम सेलची, म्हणजे मूलपेशींची आशा आहे. कणकेचा गोळा लाटण्याआधी त्याची पोळी होणार, पुरी होणार की दिवा, हे ठरलेलं नसतं. मूलपेशी तशीच. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशींना पुन्हा असं 'कणकेचा गोळा' करून दाखवलं. त्यासाठी २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच वाटेने टोकियोच्या केइओ विद्यापीठातल्या डॉक्टरांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या चार रुग्णांमध्ये प्रत्येकी सुमारे २० लाख पेशी सोडल्या. मार्च २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केले. एक जण आधाराशिवाय उभा राहू लागला, दुसऱ्याच्या हातापायांत थोडी हालचाल आली. उरलेल्या दोघांत फारसा फरक पडला नाही.

बातमी आनंदाचीच आहे. पण हे रुग्ण चारच होते आणि इजा होऊन दोन ते चार आठवडेच झालेले असताना त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. नुकत्या झालेल्या इजेत काही सुधारणा आपोआपही होते. चार वर्षं जुन्या इजेबद्दल या प्रयोगावरून काहीच सांगता येत नाही.

आपल्याकडचा नियम तर स्पष्ट आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, रक्ताच्या काही आजारांसारख्या मान्य उपचारांसाठी होणारं मूलपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर मूलपेशींचा वापर फक्त रीतसर मंजुरी घेतलेल्या चाचणीतच करता येतो. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे कोणी लाखांचा आकडा सांगितला, की तिथेच आपण सावध व्हायचं.

माझा राग शास्त्रावर नाही. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं खपताहेत, त्यातून उद्या काही चांगलं निघेलही. राग आहे तो उद्याचं औषध आजच विकणाऱ्यांवर. कारण त्याची किंमत बहुतेक वेळा घरातली बाईच मोजते. तिचं सोनं जातं, तिच्या नावावरचं कर्ज चढतं आणि गुण आला नाही तर "तूच घाई केलीस" हेही तिनेच ऐकायचं.

म्हणून कुठेही सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. ही चाचणी असेल तर तिचा क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियातला नोंदणी क्रमांक काय? नीतिशास्त्र समितीची मंजुरी आहे का? आणि पैसे कशाचे घेता? ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. कॉलेजातल्या मुलीला सांगितलं तर ती पाच मिनिटांत शोधून देईल.

हे सगळं मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग ताई, आम्ही वाट तरी कशाची बघायची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोणाची आशा आपल्या हाताने विझवायची, हे काम फार जड असतं.

गटाने तिला कर्ज दिलं, पण वेगळ्या कामासाठी. दाराचा उंबरा काढून व्हीलचेअरसाठी उतार बांधला. अपंगत्वाचं प्रमाणपत्र इतकी वर्षं काढलंच नव्हतं, त्याचा अर्ज भरला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, पायांचे व्यायाम कसे द्यायचे, हे फिजिओथेरपिस्टकडून तिच्या मुलालाही शिकवलं. आता रात्रीची एक पाळी तो करतो आणि तिला सलग चार तास झोप मिळते.

यजमान चालत नाहीत. पण संध्याकाळी अंगणात येऊन बसतात. पाटल्या अजून तिच्या हातात आहेत. उद्या खरा उपचार आला, तर त्या तेव्हा उपयोगी पडतील.