गॅरेज मोकळं करा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना, आणि ज्यांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत अशा इथल्या वाचकांनाही, एक मनापासूनची विनंती आहे. तुमच्या शेजारीपाजारी फिलिपिनो कुटुंबं राहतात. मुलांच्या वर्गात त्यांची मुलं असतात, हॉस्पिटलात रात्रपाळीला त्यांच्यातल्या नर्स असतात. २०२०च्या जनगणनेत अमेरिकेत स्वतःची नोंद फिलिपिनो म्हणून करणारे सुमारे ४४ लाख लोक होते. या समाजातल्या तरुणांनी गेल्या पन्नासएक वर्षांत बड्या कंपन्यांची वाट न पाहता आपलं संगीत उभं केलं आणि त्या खटपटीतून एकमेकांना धरून राहायला शिकले. त्यांचं संगीत ऐका. त्यांच्या कार्यक्रमांना तिकीट काढून जा. आणि त्यांच्या घरांनी मुलांसाठी जे केलं, ते आपल्या घरात करून पाहा.

फिलिपिनो लोक गातात-वाजवतात छान, हे कौतुक जुनं आहे. १८९८ ते १९४६ फिलिपिन्सवर अमेरिकेचं राज्य होतं. १९०४च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात फिलिपिन्स कॉन्स्टॅब्युलरी या पोलीस दलाच्या बँडने अमेरिकन श्रोत्यांना थक्क केलं. पुढे आशियाभरच्या हॉटेलांत आणि जहाजांवर फिलिपिनो वादक दिसू लागले. कौतुक व्हायचं ते हुबेहूब वाजवण्याचं. गोव्याच्या वादकांची गोष्टही याच वळणाची आहे. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांत सूरलिपी शिकलेली ही माणसं मुंबईच्या सिनेमात आली, हिंदी गाण्यांचं वाद्यवृंद-संयोजन त्यांनी केलं, आणि पडद्यावर त्यांचं नाव क्वचितच झळकलं. हात आपले आणि गाणं दुसऱ्याचं, ही अवस्था अशा लोकांना चांगली ठाऊक असते. म्हणून अमेरिकेतल्या फिलिपिनो मुलांनी ‘आमचं गाणं, आमच्या नावाने’ असं ठरवलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

सॅन फ्रान्सिस्कोला लागून डेली सिटी नावाचं शहर आहे. १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलला आणि त्यानंतर आलेली फिलिपिनो कुटुंबं इथे मोठ्या संख्येने राहिली. एकाला एक लागून घरं, खाली गॅरेज, वर राहायची जागा. १९७०चं दशक सरता सरता या भागातल्या गॅरेजांत शाळकरी मुलांनी डीजेचे ताफे सुरू केले. दोन टर्नटेबल, मिक्सर, अँप्लिफायर, भलेमोठे स्पीकर, रंगीत दिवे आणि रेकॉर्डींनी भरलेले क्रेट. एवढं सामान एका मुलाच्या ऐपतीबाहेरचं. मग मित्रांनी पैसे एकत्र केले, कमी पडले तिथे आईबापांनी घातले. कुणी दिवे सांभाळायचं, कुणी तारा जोडायचं, कुणी व्हॅन चालवायचं, तर कुणी नुसतं सामान उचलायचं. साउंड एक्स्प्लोजन, अनलिमिटेड साउंड्स, स्पिनट्रॉनिक्स ही त्यातल्या काही ताफ्यांची नावं. ऑलिव्हर वँग या अभ्यासकाने त्यांच्यावर ‘लीजन्स ऑफ बूम’ हे अख्खं पुस्तक लिहिलं आहे. ते २०१५ साली आलं, मिळालं तर जरूर वाचा.

या पोरांना सुपाऱ्या कोण देत होतं? त्यांच्याच मावश्या आणि काका. फिलिपिनो घरात मुलीचा अठरावा वाढदिवस लग्नाच्या थाटात होतो. अठरा मुलगे एकेक गुलाब घेऊन येतात आणि तिच्याबरोबर नाचतात, अठरा मैत्रिणी एकेक मेणबत्ती लावून दोन शब्द बोलतात. अशा समारंभाला डीजे हवाच. बाप्तिस्मा, लग्न, चर्चच्या हॉलमधला कार्यक्रम, शाळेतला डान्स, सगळीकडे हवा. एका घरी काम चोख झालं की चर्चमधल्या ओळखीने दुसरी सुपारी यायची. क्लबात शिरायचं या मुलांचं वय नव्हतं आणि क्लबवाल्यांशी ओळखही नव्हती. नातेवाइकांच्या हॉलमध्ये त्यांनी हात साफ केला. तिथे आजी पहिल्या रांगेत बसलेली असायची आणि तिला आवडेल असंही एखादं गाणं लावावं लागायचं. लोकांना धरून ठेवायची ही तालीम कुठल्या शाळेत मिळणार?

याच ताफ्यांच्या मांडवातून पुढे डीजे क्यूबर्ट, मिक्स मास्टर माइक आणि डीजे अपोलो आले. १९९२ साली या तिघांनी मिळून डीएमसी ही डीजेंची जागतिक स्पर्धा जिंकली. टर्नटेबल हे वाजवायचं वाद्य आहे, हे जगाला पटवणाऱ्यांत ही माणसं पहिल्या फळीत आहेत. पण आपण फक्त जगज्जेत्यांकडे पाहत बसलो तर हाती फार थोडं लागेल. ताफ्यांतली बहुतेक मुलं पुढे नोकरीधंद्याला लागली. पैसे वाटून घेणं, वेळेवर पोहोचणं, भांडण झालं तरी शनिवारचा कार्यक्रम न बुडवणं, हे ती पंधरा-सोळाव्या वर्षी शिकली. आपल्यासारखी दिसणारी, आपल्यासारखंच घरी एक आणि शाळेत एक बोलणारी पोरं शेकड्यांनी एका हॉलमध्ये जमतात, हेही त्यांनी पाहिलं. समाज म्हणजे काय हे त्यांना व्याख्यान देऊन कुणी शिकवलं नाही.

एक उणीव सांगायलाच हवी. हे ताफे जवळजवळ सगळे मुलांचे होते, मुलींना त्यांत जागा फार कमी मिळाली.

मुलींची वाट जून मिलिंग्टनने त्याआधीच पाडायला घेतली होती. जून आणि तिची बहीण जीन यांचा जन्म मनिलाचा, आई फिलिपिनो, वडील अमेरिकन. १९६१ साली कुटुंब कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला आलं. नव्या गावात, नव्या शाळेत सावळ्या रंगाच्या या दोघी बहिणींना गिटारने मैत्रिणी मिळवून दिल्या. त्यांचा फॅनी हा रॉक बँड. १९७० साली मोठ्या कंपनीने अल्बम काढलेल्या अगदी पहिल्या सर्व-महिला रॉक बँडांमध्ये त्याची गणना होते. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते जूनने नंतर केलेलं काम. १९८०च्या दशकात तिने आपल्या जोडीदारासह मुली-बायकांसाठी संगीताची संस्था काढली. मॅसॅच्युसेट्समधल्या तिच्या जागेत शाळकरी मुली उन्हाळ्यात येतात, बँड बांधतात, स्वतःची गाणी लिहितात आणि ध्वनिमुद्रणही शिकतात. आपल्याला जे मिळायला कष्ट पडले ते पुढच्या मुलींना सहज मिळावं, अशी तजवीज करणारा कलावंत मी तरी वरच्या पायरीवर ठेवतो.

आता पैशाबद्दल. हे संगीत तुम्ही फुकट ऐकलंत तर ते टिकणार नाही, हे मी स्पष्टच सांगतो. स्ट्रीमिंगवर एक गाणं एकदा ऐकलं की कलावंताच्या वाट्याला एका सेंटपेक्षाही कमी येतं. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी अल्बम विकत घेतलात तर डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के ते ठेवतात आणि व्यवहाराचा किरकोळ खर्च वजा जाता बाकीचे पैसे कलावंताकडे किंवा त्याच्या लेबलकडे जातात. ठरलेल्या काही शुक्रवारी तर बँडकॅम्प आपला हिस्साही सोडतं. खरेदी त्या दिवशी करा. जमलं तर सांगितलेल्या किमतीपेक्षा दोन डॉलर जास्त द्या, तशी सोय तिथे आहे.

सिअ‍ॅटलच्या ब्लू स्कॉलर्सने हे गणित लवकर ओळखलं. २००२ साली सुरू झालेली ही दोघांची जोडी. शब्द लिहिणारा जिओ फिलिपिनो घरातला, संगीत करणारा साब्झी इराणी घरातला. नौदल, स्थलांतर, मजुरी, घरच्यांची माया हे त्यांचे विषय. २०११च्या ‘सिनेमेट्रोपोलिस’ या अल्बमसाठी त्यांनी कंपनीकडे हात न पसरता श्रोत्यांकडून वर्गणी गोळा केली. कॅलिफोर्नियातलं बीटरॉक म्युझिक हे छोटं लेबलही याच मार्गाने चालतं. बाम्बू, रॉकी रिव्हेरा, रूबी इबारा यांचे अल्बम तिथून निघाले. गाण्यांबरोबर टी-शर्ट विकायचे, शाळा-कॉलेजात जाऊन मुलांशी बोलायचं, मोर्चे-आंदोलनांतही उभं राहायचं. वर्गणीवर गणपती बसवणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आपली ओळख म्हणजे आपल्या रक्ताचा दाखला, असं या लोकांनी मानलं नाही, हेही लक्षात घ्या. ब्लू स्कॉलर्सचा अर्धा भाग इराणी आहे. त्यांच्या आधीचा गायक जो बटान न्यू यॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये जन्मला, वडील फिलिपिनो, आई आफ्रिकन-अमेरिकन, आणि तो गाजला पोर्तो रिकन गल्लीतल्या लॅटिन सोल संगीतात. १९७५च्या अल्बमला त्याने ‘अफ्रोफिलिपिनो’ असंच नाव दिलं. हिप-हॉप हे मूळचं कृष्णवर्णीयांचं देणं आहे, आणि यातले जाणते कलावंत ते ऋण उघड मान्य करतात. तुमचा मुलगा रॅप करत असेल तर त्याला आधी तो इतिहास वाचायला सांगा.

परंपरेच्या बाबतीतही त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. कुलिंतांग हे दक्षिण फिलिपिन्समधल्या मिंदानाओचं वाद्य. मध्ये उंचवटा असलेल्या आठ छोट्या घंटा लाकडी चौकटीवर ओळीने मांडतात आणि दोन काठ्यांनी वाजवतात, सोबत मोठ्या लटकत्या घंटा आणि ढोल असतो. हे संगीत तिथल्या मुस्लिम जमातींनी राखलं. अमेरिकेत वाढलेली फिलिपिनो मुलं बहुतांशी ख्रिस्ती घरांतली, त्यांच्या आईवडिलांनाही ते नीट माहीत नव्हतं. मागिंदानाओ जमातीचे दानोंगान कालांदुयान १९७६ साली सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आले, नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहिले आणि २०१६ साली जाईपर्यंत शिकवत राहिले. १९९५ साली अमेरिकेचा लोककलेतला सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान त्यांना मिळाला. ज्यांची परंपरा त्यांच्याच माणसासमोर बसून, त्याचं नाव घेऊन शिकणं ही रीत आहे. नुसता पोशाख भाड्याने आणून वर्षातून एकदा मंचावर नाचणं वेगळं. कॉलेजांतल्या फिलिपिनो सांस्कृतिक रात्रींबद्दल ही तक्रार खुद्द फिलिपिनो अभ्यासकांनीच केली आहे.

२०२५ साली एनपीआर या सार्वजनिक रेडिओची टायनी डेस्क स्पर्धा रूबी इबाराने जिंकली. हजारो प्रवेशिका येतात त्या स्पर्धेत. ती टाक्लोबानला जन्मली, लहानपणी अमेरिकेत आली, बायोटेकमध्ये नोकरी करत करत गाणी लिहीत राहिली. जिंकलेलं गाणं इंग्रजी, तागालोग आणि बिसाया अशा तीन भाषांत आहे. त्यात टोरांटोची हान हान गाते, ती पेशाने नर्स आहे. आणि गिटार वाजवते ती पंचाहत्तरी ओलांडलेली जून मिलिंग्टन. इंटरनेटवर हे गाणं सापडेल, घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहा. आजीच्या वयाची बाई आणि तिच्याहून कितीतरी लहान बाया एकमेकींकडे पाहून वाजवतात, असं दृश्य कंपन्यांनी जुळवलेल्या मंचावर सहसा दिसत नाही. त्यासाठी आधी बरीच वर्षं एकमेकींच्या कार्यक्रमांना जावं लागतं.

असे कार्यक्रम पाहायचे तर सॅन फ्रान्सिस्कोत सिक्स्थ स्ट्रीटवर बिंडलस्टिफ स्टुडिओ हे छोटं फिलिपिनो-अमेरिकन नाट्यगृह आहे. जुनी इमारत पाडली गेली तेव्हा त्यांना जागा सोडावी लागली, पण लोकांनी पिच्छा सोडला नाही आणि २०११ साली ते तिथेच परत उघडलं. बे एरियात राहणाऱ्यांनी तिथे नक्की जावं. तिकीट मोठ्या सभागृहापेक्षा स्वस्त असतं आणि कलावंत कार्यक्रमानंतर दाराशी भेटतो.

आता आपल्या घरातलं. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१पासून उत्तर अमेरिकेतल्या मराठी माणसांना जोडतं आहे, दर दोन वर्षांनी अधिवेशन भरतं, भारतातून नाटकं आणि गायक येतात. हे सगळं हवंच. पण तिथेच वाढलेली एखादी पंधरा वर्षांची मुलगी अर्धी इंग्रजी, अर्धी मोडकी मराठी असं स्वतःचं गाणं लिहीत असेल, तर तिला आपण कुठे उभी करतो? तिचे उच्चार सुधारायला आपण पुढे असतो, ऐकायला नसतो. उच्चार नंतर सुधारतील. आधी तिला गाऊ द्या. गॅरेजमधली जुनी खोकी हलवा, ड्रमचा आवाज रात्री नऊपर्यंत सहन करा, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. पहिला स्पीकर घ्यायला पैसे द्या, दुसरा मुलांना त्यांच्या कमाईतून घेऊ द्या. घरातल्या मुंजीला, साठीला, बारशाला बाहेरचा डीजे बोलावण्याआधी ओळखीच्या पोरांना विचारा. फिलिपिनो मावश्यांनी हेच केलं.

आणि मंडळाच्या समितीत असाल तर यंदाच्या गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका ठरवताना अर्धा तास स्थानिक मुलांच्या स्वतःच्या गाण्यांसाठी राखून ठेवा. वेळ मुख्य कार्यक्रमातली द्या, जेवणाच्या रांगेतली नको. शंभर डॉलर का होईना, पण मानधन पाकिटात घालून द्या, आणि पत्रिकेवर त्यांची नावं छापा.