विश्लेषण : चंद्रपूरच्या धुळीपुढे रोबो व्हॅक्यूम क्लीनर टिकेल का? चाचण्यांत नेमके काय मोजतात?

जाहिरातीत ‘८,००० पास्कल’सारखा आकडा ठळक छापलेला असतो आणि ग्राहक तोच पाहून यंत्र निवडतो. चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर पट्ट्यात सकाळी पुसलेली फरशी संध्याकाळपर्यंत काळपट होते. तिथे हा आकडा फारसा कामाचा नाही.

पास्कलवर का विसंबू नये?

पास्कल हे दाबाचे एकक. शोषणाची वाट बंद करून, म्हणजे हवा वाहत नसताना, यंत्र किती ओढ निर्माण करते हे त्यातून कळते. कचरा उचलला जातो तो वाहत्या हवेने आणि ब्रशने. त्यामुळे जास्त पास्कलचे यंत्र कमी पास्कलच्या यंत्रापेक्षा कमी धूळ उचलू शकते.

मग खरी चाचणी कोणती?

घरगुती सफाई रोबोंसाठी ‘आयईसी ६२८८५-७’ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२० मध्ये आले. तत्त्व सोपे आहे. वजन केलेली धूळ ठरावीक जागेवर पसरायची, रोबो फिरवायचा आणि किती टक्के उचलली ते पाहायचे. फर्निचर मांडलेल्या खोलीत रोबोने किती जमीन व्यापली, हेही तपासले जाते. कोपरे, फरशीच्या फटी आणि गालिचा यांचे निकाल वेगळे येतात. एकच सरासरी देणाऱ्या तुलनेकडे संशयानेच पाहावे.

धूळपेटी रिकामी की भरलेली?

हा प्रश्न युरोपात न्यायालयापर्यंत गेला. तेथे २०१४ मध्ये व्हॅक्यूम क्लीनरसाठी ऊर्जा लेबल आले. (रोबो त्यात नव्हते.) चाचणी रिकाम्या पेटीने होते, प्रत्यक्ष वापरात ती रिकामी नसते, असा आक्षेप डायसन कंपनीने घेतला. नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्या लेबलचे नियमच रद्द केले.

चंद्रपूरकरांसाठी हा मुद्दा मोलाचा आहे. येथे २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्र आहे, भोवती कोळसा खाणी आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात ८३.८८ गुणांसह चंद्रपूर देशात चौथे होते. राखेचे बारीक कण फिल्टरची छिद्रे बुजवतात आणि ओढ घटते. ‘एच १३’ दर्जाचा हेपा फिल्टर ९९.९५ टक्के कण अडवतो खरा, पण तो दर्जा फिल्टरचा. झाकणाची सील सैल असेल तर कण फटीतून परत खोलीत येतात.

गडचिरोलीत काय?

सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक होते त्या रस्त्यांकडेच्या घरांत लाल धूळ बसते. पण तिथे आधी उंबरठा आडवा येतो. बहुतेक रोबो सुमारे दोन सेंटिमीटरच चढतात. शेणाने सारवलेल्या ओसरीवर तर त्यांचे कामच नाही.

खरेदीपूर्वी दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात : अर्धी भरलेली पेटी असताना ओढ किती उरते, फिल्टर धुता येतो का, आणि सुटा फिल्टर चंद्रपुरात मिळतो की नागपूरहून मागवावा लागतो?