म्हातारीचा झटका उशिरा कळतो

आज खतांऐवजी लकव्याविषयी लिहितो. गडचिरोलीच्या ८६ खेड्यांत 'सर्च' संस्थेने मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ साली निष्कर्ष छापून आले, त्यात सर्वाधिक बळी पक्षाघाताचे निघाले. पंचावन्नीनंतर दर दहा वर्षांनी धोका जवळपास दुप्पट होतो. पाळी चालू असेतो बाईला थोडे संरक्षण असते (गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब मात्र वेगळा!), ती गेली की तेही सरते. पण आजी बरळली, तोल गेला, की घरचे म्हणतात, 'ऊन लागलं असेल.' गुठळीने झटका असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच, तेही स्कॅन काढून. कोपरहून डोंबिवली पुढचंच स्टेशन. म्हैस अडली तर रात्रीच डॉक्टर आणतो, मग म्हातारीला सकाळपर्यंत का ठेवायचं? १०८ ला फोन लावा.