खेड्यातील डॉक्टर आणि त्याची नोंदवही

खेड्यात तीस-चाळीस वर्षे दवाखाना चालविलेल्या डॉक्टरचा सत्कार हा आपल्या सार्वजनिक जीवनातील एक ठरून गेलेला विधी आहे. शाल-श्रीफळ दिले जाते, आमदार येतात, अध्यक्षीय भाषणात ‘देवमाणूस’ हा शब्द किमान तीनदा उच्चारला जातो आणि सभा संपते. या डॉक्टरने डोळे मिटल्यावर त्याच्या खुर्चीत कोण बसणार, हा प्रश्न त्या सभेत कोणी विचारीत नाही. मेळघाटातील बैरागड येथे आयुष्य वेचणाऱ्या रवींद्र व स्मिता कोल्हे या डॉक्टर दांपत्याला २०१९ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली, याचा आनंद कोणाही सहृदय माणसाला व्हावा. पण देवमाणसांच्या भरवशावर आरोग्यव्यवस्था चालत नसते. किंबहुना त्यांची गरज पडावी, हाच व्यवस्थेवरील आरोप असतो. हे ज्याने स्वतःच्या कामाने आणि लेखणीने सिद्ध केले, तो डॉक्टर मेळघाटापासून फार दूर, ब्रिटनमधील वेल्स प्रांतात, कोळशाच्या खाणीवर जगणाऱ्या एका खेड्यात राहत होता.

ज्युलियन ट्यूडर हार्ट यांचा जन्म १९२७ चा. वडील डॉक्टर, आणि स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्यांच्या बाजूने जखमींवर उपचार करावयास गेलेले. मुलगा केंब्रिजमध्ये शिकला, लंडनमध्ये वैद्यकीची पदवी घेतली आणि रोगांच्या सामाजिक प्रसाराचे शास्त्र रिचर्ड डॉल व आर्ची कॉकरन या नामवंत संशोधकांच्या हाताखाली आत्मसात केले. अशा माणसाने लंडनमध्येच मोठा लौकिक मिळवावा, अशी रीत. हार्ट १९६१ मध्ये अफान खोऱ्यातील ग्लिनकॉरुग या सुमारे दोन हजार वस्तीच्या गावी गेले आणि तेथेच पाव शतकाहून अधिक काळ राहिले. ते कम्युनिस्ट होते व ते लपवीत नसत. १९६४, १९६६ आणि १९७० अशा तीन सार्वत्रिक निवडणुका त्यांनी त्या मतदारसंघातून लढविल्या आणि तिन्ही हरले. ज्या खाणकामगारांनी आपला देह निःशंकपणे त्यांच्या हाती दिला, त्यांनी मत मात्र मजूर पक्षालाच दिले! कार्यकर्त्यांनी या गोष्टीवर थोडा विचार करावयास हरकत नाही. पराभवानंतर दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडलाच.

त्यांनी केले काय? १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी गावातील प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजावयास घेतला. यात नवल ते काय, असे आज वाटेल. पण त्या काळी डॉक्टर दवाखान्यात बसत आणि तक्रार घेऊन येईल त्याला तपासत. न आलेल्यांची जबाबदारी कोणाचीच नसे. रक्तदाब तर असा विकार की पक्षाघाताचा झटका येईपर्यंत तो तक्रारच करीत नाही. हार्ट यांनी प्रश्न उलटा केला: कोण आले नाही? यादी काढली, जे आले नाहीत त्यांचा माग काढला आणि ज्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला त्यांना वर्षानुवर्षे सोडले नाही. पुढे मधुमेह, धूम्रपान यांचाही असाच पाठपुरावा झाला. पत्नी मेरी या संशोधनात बरोबरीने होत्या. पंचवीस वर्षांनी, १९९१ मध्ये, त्याचा हिशेब प्रसिद्ध झाला. असा पाठपुरावा न झालेल्या शेजारच्या गावाशी तुलना करता ग्लिनकॉरुगमधील अकाली मृत्यूंचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी होते. दोन गावांच्या तुलनेवरून अंतिम सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरे. पण दोन्ही गावे त्याच कोळशाची आणि त्याच बेकारीची होती, हेही खरे.

त्याहून बोलका हिशेब १९८७ चा आहे. आपल्या रुग्णांपैकी लागोपाठच्या ५०० मृत्यूंची हार्ट यांनी एकेक करून छाननी केली आणि जवळजवळ निम्म्या मृत्यूंत काही ना काही टाळता येण्याजोगे होते, असे जाहीर केले. त्यात रुग्णाच्या सवयी होत्या, इस्पितळे होती, आणि एक वाटा स्वतःच्या दवाखान्याचाही होता. वैद्यक व्यवसायाच्या इतिहासात स्वतःचाच पंचनामा स्वतः छापणारे किती निघतील? देवमाणसाला असा पंचनामा परवडत नाही. देवाकडून चूक होत नसते.

हे सारे शक्य कशामुळे झाले, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे आणि सत्कारसभेत तोच नेमका गळतो. दक्षिण वेल्समध्ये ट्रेडेगरसारख्या गावांत कामगार मजुरीतून पैसे बाजूला काढून सामुदायिक वैद्यकीय मदत संस्था चालवीत. त्याच ट्रेडेगरचा खाणकामगार अ‍ॅन्यूरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तीत डॉक्टरला त्याच्या यादीवरील माणसांमागे सरकारकडून दरडोई मानधन मिळे. रुग्णाने खिशात हात घालावयाचा नसे. १९७० च्या सुमारास ग्लिनकॉरुगची खाण बंद पडली. बाजाराच्या नियमाने चालणारा दवाखाना तिच्या पाठोपाठ उठला असता, कारण गावाची फी देण्याची ऐपत संपली होती. पण कामगाराची मजुरी गेली तरी यादीवरील त्याचे नाव गेले नाही, आणि म्हणून डॉक्टरही गेला नाही. निष्ठा हार्ट यांची होती; त्या निष्ठेला पोटापाण्याची चिंता पडू न देणारी तरतूद कामगार चळवळीने मिळविलेली होती.

२७ फेब्रुवारी १९७१ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ज्याला ‘व्यस्त सेवेचा नियम’ म्हणता येईल तो मांडला. जेथे वैद्यकीय सेवेची गरज अधिक तेथे चांगली सेवा कमी, आणि सेवा बाजाराच्या हाती जितकी अधिक जाते तितका हा नियम अधिक कठोरपणे लागू पडतो. पुढे हा नियम जगभर उद्धृत झाला, पण बहुधा पहिलाच भाग. बाजाराचा उल्लेख असलेला दुसरा भाग परिषदांच्या व्यासपीठांवर सोयीस्करपणे विसरला जातो.

आपल्याकडे भोर समितीने १९४६ मध्येच सांगितले होते की पैसे नाहीत म्हणून कोणाही नागरिकास उपचार नाकारले जाता कामा नयेत, आणि सेवेचा पाया खेड्यात घातला पाहिजे. नियमावर बोट ठेवले तर सपाट प्रदेशात ३० हजार व डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. इमारती पुष्कळ उभ्या राहिल्या. पण एकच डॉक्टर एका गावाला वीस वर्षे ओळखतो, हे त्या इमारतींत घडावे अशी रचना मात्र कधी झाली नाही. तरुण डॉक्टर बंधपत्राचे एक वर्ष मोजतो आणि पदव्युत्तर प्रवेशाचा अभ्यास करतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

याच काळात सरकारी पैशाचा ओघ विम्याकडे वळला. राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना असो वा २०१८ ची केंद्राची आयुष्मान भारत विमा योजना, पैसा मिळतो तो इस्पितळात दाखल झाल्यावर. झटका आलेल्या रुग्णाच्या उपचाराला दर ठरलेला आहे. तो झटका येऊ नये म्हणून दहा वर्षे दरमहा रक्तदाब मोजणाऱ्याच्या कामाला या योजनांच्या दरपत्रकात जागाच नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. २०२१-२२ च्या सरकारी लेख्यानुसार तो १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी स्वतःच्या खिशातून भरली होती. या ३९.४ मध्ये विकलेली गुरे आणि सावकाराचे व्याज धरलेले नाही.

हार्ट २०१८ मध्ये ९१ व्या वर्षी वारले. आरोग्य ही डॉक्टरने विकावयाची व रुग्णाने विकत घ्यावयाची वस्तू नसून ती दोघांनी मिळून निर्माण करावयाची गोष्ट आहे, हे उत्तरायुष्यात ते पुनःपुन्हा सांगत राहिले. त्या निर्मितीला हात लागतात, आणि हातांना वेतन लागते. ग्लिनकॉरुगच्या दवाखान्यात परिचारिका आणि नोंदी ठेवणारी माणसे पगारी होती.

महाराष्ट्रात घरोघर जाऊन तिशीपुढील प्रत्येकाची माहिती तक्त्यात भरावयाची, रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीला त्यांना उपकेंद्रात आणावयाचे आणि न येणाऱ्याच्या दारी पुन्हा जावयाचे, हे काम आशा सेविका करतात. म्हणजे हार्ट यांचाच प्रश्न, ‘कोण आले नाही?’, आज त्यांच्या वहीत आहे. सरकारदरबारी त्या कर्मचारी नसून ‘स्वयंसेविका’ आहेत, आणि त्यांना पगार नव्हे, मानधन व कामागणिक मोबदला मिळतो. २०२३-२४ मध्ये त्या संपावर गेल्या तेव्हा त्यांची मागणी शाल-श्रीफळाची नव्हती. जिल्हा परिषदेच्या येत्या अंदाजपत्रकी सभेत त्यांच्या मानधनाचा विषय पुकारला जाईल, तेव्हा आपले सदस्य सभागृहात हजर असतील काय, एवढे तालुका समित्यांनी आतापासून विचारून ठेवावे.