मेडिकल कॉलेज येईल, पण पहिला करार कुणाशी?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. भिंगारमध्ये आमच्या गल्लीत पांढरे कोट घातलेली चार-पाच मुलं-मुली आली. कुठल्या कॉलेजची ते सांगत नाही, कारण प्रश्न एका कॉलेजचा नाही. परदेशातल्या एका विद्यापीठाबरोबर आमचा संयुक्त प्रकल्प आहे, असं म्हणाली. पोरं गुणी होती. आईच्या हातचा चहा घेतला, बोटाला सुई टोचून साखर बघितली, कमरेला टेप लावली. घरात माणसं किती, महिन्याला तेल किती लागतं, पाणी कुठून येतं, असे चाळीसेक प्रश्न विचारले. आईची साखर २८० निघाली. आकडा टॅबमध्ये गेला. "आजी, गोड कमी खा," एवढं सांगून पोरं पुढच्या घरी गेली.

परत कुणी आलं नाही.

आठ महिन्यांनी आईच्या पायाची जखम भरेना, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आधी कधी साखर तपासली नव्हती का?" आई म्हणाली, "तपासली होती की. पोरांनी लिहून नेलीय." शेवटी पायाचं एक बोट काढावं लागलं. दोष माझाही आहे. मी त्या दिवशी घरातच होतो, आकडा मीही ऐकला होता, आणि मीही विसरलो. पण तो आकडा कुणाच्या तरी प्रबंधात आजही नीट जपून ठेवलेला असेल, हे काही डोक्यातून जात नाही.

हे आज लिहायचं कारण वेगळं आहे. ६ मे २०२५ ला चौंडीला मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि आपल्या जिल्ह्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं नाव, १०० विद्यार्थी, ४३० खाटांचं रुग्णालय. आनंदाचीच गोष्ट आहे. लोणीला १९८४ पासून मेडिकल कॉलेज आहे, विळद घाटात आहे, पण सरकारी कॉलेजची वाट जिल्हा कधीपासून बघत होता. आता आपल्याकडे चर्चा काय चालते ते तुम्हाला माहीत आहे. जागा कुठली, कंत्राट कुणाला, श्रेय कुणाचं. मला यातलं काहीच विचारायचं नाही. मला एवढंच विचारायचंय की हे कॉलेज पहिला सामंजस्य करार कुणाशी करणार?

प्रश्न चमत्कारिक वाटेल. पण आजकाल कुठल्याही विद्यापीठाचं सार्वजनिक आरोग्याचं काम अशा भागीदाऱ्यांवरच चालतं. परदेशातल्या मोठ्या विद्यापीठांत तर त्यासाठी खास अधिकारी असतात. कुठल्या देशाशी करार करायचा, कुठल्या संस्थेकडून निधी आणायचा, कुठल्या गावांत काम करायचं, हे ते ठरवतात. आपल्याकडे हेच काम बहुतेक वेळा शाल, श्रीफळ आणि फोटो एवढ्यावर आटपतं. दोन कुलगुरू फाइल हातात धरून हसतात, पेपरात बातमी येते. ज्या गावात ते काम व्हायचंय, त्या गावातलं माणूस त्या फोटोत नसतं.

चौंडी कुठल्या तालुक्यात आहे? जामखेड. आणि विद्यापीठ आणि गाव यांची भागीदारी कशी असावी, हे साऱ्या जगानं जिथून शिकून घेतलं ते ठिकाणही जामखेडच. भिंगारहून पाऊणशे किलोमीटर. आपल्यातले किती जण तिथं जाऊन आलेत?

नव्या मुलांसाठी थोडक्यात सांगतो. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरला शिकलेले. साठच्या दशकात नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करत होते. तिथं त्यांच्या लक्षात आलं की बरा करून पाठवलेला पेशंट त्याच आजारानं परत येतोय, कारण आजार गावातल्या पाण्यात, उपासमारीत आणि अडाणी समजुतींत आहे. मग ते अमेरिकेला गेले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथं त्यांचे गुरू होते डॉ. कार्ल टेलर. हा माणूस जन्मला मसुरीला, आणि पंजाबातल्या नारंगवालला त्यानं गावपातळीवर आरोग्याचं मोठं काम केलेलं. तिथून योजना घेऊन आरोळे दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आलं. सुरुवात आठ गावांपासून, साधारण दहा हजार लोकवस्तीत.

आता खरी गोष्ट ऐका. बाल्टिमोरहून आणलेली ती योजना जामखेडला आल्यावर बदलावी लागली!

योजना अशी होती की शिकलेल्या नर्सबाई गावात राहतील आणि आरोग्य सांभाळतील. कागदावर बरोबर. पण एकटी बाहेरची बाई त्या काळात खेड्यात राहायला तयार होईना, आणि गावही तिला आपली मानेना. तेव्हा गावातल्या लोकांनीच वाट दाखवली की आमच्यातलीच एखादी बाई शिकवा ना. मग गावांनी बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. आठवड्याला जामखेडला यायचं, एकत्र जेवायचं, एकत्र झोपायचं, शिकायचं आणि गावात जाऊन शिकवायचं. बाळंतपण, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी, लसी, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं, सगळं.

आणि काम सुरू कशापासून झालं? पाण्यापासून. कारण लोकांनी सांगितलं, आम्हाला दवाखाना नंतर, आधी पाणी आणि पोटाला द्या. बहात्तरचा दुष्काळ जुन्या माणसांना आठवत असेल. बोअर घेतले, हातपंप बसवले. दलित वस्तीत पंप लागला की वरच्या आळीच्या बायकांना तिथं पाण्याला यावंच लागायचं. व्याख्यानानं जे झालं नसतं ते हापशानं केलं.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये तिथं हजारी १७६ अर्भकं दगावायची. पाच वर्षांत तो आकडा ५२ वर आला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरातल्या अशा प्रयोगांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेडचं प्रकरण आहे. १९७८ मध्ये अल्मा-अता इथं जगातले देश जमले आणि 'प्राथमिक आरोग्य सेवा' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. त्यामागच्या विचारात जामखेडचाही वाटा होता. १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार आला. आज गावोगावी ज्या आशाताई फिरतात, त्यांची वाट या बायकांनी कितीतरी आधी पाडून ठेवली होती.

यातल्याच एक मुक्ताबाई पोळ. ऐंशीच्या दशकात वॉशिंग्टनला मोठ्या परिषदेत बोलल्या. त्यांच्या बोलण्याचा मतलब असा होता की डॉक्टर म्हणजे वर लटकणारी झुंबरं, भारी आणि महाग. आम्ही साध्या पणत्या. पण एका पणतीनं दुसरी पणती लागते, झुंबरानं झुंबर लागत नाही.

मला सांगा, या भागीदारीत मोठा भागीदार कोण होता? हॉपकिन्सनं पद्धत दिली, मोजायचं कसं ते शिकवलं. त्याचं मोल कमी नाही. मोजलंच नसतं तर १७६ चे ५२ झाले हे कळलं कुणाला असतं? पण काय करायचं आणि कुणी करायचं, हे ठरवलं गावानं. आणि नंतर जगभरातून विद्यार्थी जामखेडला शिकायला यायला लागले. विद्यापीठ गावात नुसतं शिकवायला गेलं नाही, शिकायलाही गेलं. एवढाच फरक. माझ्या गल्लीत आलेल्या पोरांना हा फरक कुणी शिकवला नव्हता.

काही मित्र म्हणतील, तुझा परदेशी करारांना विरोध आहे. अजिबात नाही. जामखेडलाही सुरुवातीला बाहेरच्या चर्च-संस्थांची मदत होतीच. पण नुसत्या बाहेरच्या पैशावर उभं राहिलेलं काम किती टिकतं, ते गेल्या वर्षी सगळ्या जगानं बघितलं. अमेरिकेनं परदेशी मदत बंद केली आणि मार्च २०२५ मध्ये त्याच जॉन्स हॉपकिन्सला दोन हजारांवर माणसं कमी करावी लागली. त्यातली बहुतेक अमेरिकेबाहेर, वेगवेगळ्या देशांत काम करणारी. वॉशिंग्टनमध्ये सही झाली आणि कुठल्या कुठल्या देशांतले दवाखाने थंडावले. जामखेडच्या बाईनं जुलाबाचं पाणी करायला शिकलं ते मात्र कुणाच्या सहीनं बंद होत नाही. ते तिच्याकडून तिच्या सुनेकडं गेलेलं असतं.

आता आपल्या भिंगारकडे या. आपली गंमत काय आहे? रस्त्याच्या एका बाजूला कॅन्टोन्मेंट बोर्ड, पुढं महापालिका, पलीकडं नागरदेवळे ग्रामपंचायत म्हणजे जिल्हा परिषद, आणि मधे लष्कर. पाण्यासाठी एमईएसच्या तोंडाकडं बघायचं. कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग महापालिकेत जाणार, ही चर्चा ऐकून ऐकून कान किटले. आणि डेंगीच्या डासाला हद्द कळत नाही. इकडे फवारणी झाली की तो तिकडे जातो, तिकडे झाली की इकडे येतो. चार कार्यालयांच्या चार नोंदवह्या. भिंगार परिसरात एकूण मधुमेहाचे रुग्ण किती, टीबीचे किती, याचा एक कागद कुणी एका ठिकाणी दाखवू शकेल का?

म्हणून माझं म्हणणं असं की नव्या कॉलेजनं पहिली भागीदारी सातासमुद्रापार शोधू नये. ती रस्त्याच्या पलीकडं आहे. कॅन्टोन्मेंट, महापालिका, जिल्हा परिषद आणि लष्करी रुग्णालय यांना एका टेबलावर बसवून एक नोंदवही करायची, हे काम विद्यापीठच करू शकतं. कारण ते कुठल्याच हद्दीचं नसतं. हा करार जमला तर मग खुशाल स्वीडनला जा, बाल्टिमोरला जा. तेव्हा तुमच्याकडं दाखवायला काहीतरी असेल.

आणि यासाठी वेगळा कायदा नको, वेगळा निधीही फार नको. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या अभ्यासक्रमात आता कुटुंब दत्तक योजना आहेच. एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं पहिल्या वर्षापासून काही कुटुंबं दत्तक घ्यायची आणि शिक्षण संपेपर्यंत त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवायचं. विद्यार्थ्यामागं तीन कुटुंबं धरली तरी १०० विद्यार्थ्यांची ३०० कुटुंबं झाली, दरवर्षी. चार वर्षांत बाराशे. ही योजना शिबिराच्या बॅनरपुढं फोटो काढून उरकायची, की भिंगार, नागरदेवळे आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतल्या बाराशे घरांत डॉक्टर होणारं पोरगं दर तीन महिन्यांनी परत यायचं, एवढंच ठरवायचंय.

कॉलेजात भागीदाऱ्या बघणारा एखादा अधिकारी नेमणारच असाल, तर त्याला तीन अटी घाला.

पहिली, संशोधनाचा प्रश्न निदान निम्म्या वेळा गावानं किंवा वस्तीनं द्यावा. आम्हाला काय छळतंय ते आम्हाला विचारा. कदाचित आम्ही साखर म्हणणार नाही, पाणी म्हणू.

दुसरी, घेतलेला आकडा परत आला पाहिजे. ज्या घराचा रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन लिहून नेलं, त्या घरात तो मराठीत लिहिलेला कागद गेला पाहिजे. धोका दिसला तर त्याच दिवशी दवाखान्याची चिठ्ठी, आणि पंधरा दिवसांनी "गेला होता का" हे विचारायला माणूस.

तिसरी, प्रकल्प संपल्यावर मागं काय राहिलं ते मोजा. अहवाल किती छापले ते नको. वस्तीतल्या किती बायकांना साखर तपासता येते, किती जणींना धोक्याची लक्षणं कळतात, ते सांगा.

यावर हमखास येणारं उत्तर मला माहीत आहे. "अहो, एमबीबीएसच्या पोरांना अभ्यास किती असतो, त्यांनी काय घरोघरी फिरायचं?" उत्तर जामखेडनं पन्नास वर्षांपूर्वी दिलंय. सगळं डॉक्टरनंच करायचं नसतं. डॉक्टरनं शिकवायचं आणि वस्तीतल्या माणसावर विश्वास ठेवायचा. अवघड दुसरंच आहे. शिकलेल्या माणसाला न शिकलेल्या बाईसमोर मांडी घालून बसून ऐकणं जड जातं. कॉलेजनं पोरांना पहिल्या वर्षी एवढं शिकवलं तरी खूप झालं. शिकवायला बाहेरून कुणी आणायला नको. एसटीत बसवा आणि जामखेडला धाडा, आठ दिवस राहू द्या.

आई आता बरी आहे. साखर आटोक्यात आहे, चालते, देवळात जाते. परवा शेजारच्या काकूंना सांगत होती, "कुणी सुई टोचायला आलं ना, तर आकडा आपल्या वहीत लिहून घ्यायचा आधी." तिनं खरंच एक वही केलीय. शेजारच्या तीन घरांचे आकडेही त्यात आहेत.

कॉलेजचे लोक भिंगारला येतील तेव्हा त्यांना ही वही दाखवणार आहे. तुमच्या गल्लीतही असा सर्व्हे झाला असेल आणि परत कुणी आलं नसेल, तर खाली लिहा. कॉलेजचं नाव नको. वर्ष आणि गल्ली लिहा. यादी झाली की ती घेऊन आपण लोकप्रतिनिधींकडं जाऊ.