मुळशीचा अभ्यासक आणि जालन्याचा कालवा

विद्यापीठीय राज्यशास्त्राला मतदार दिसतो. त्याची विहीर दिसत नाही. निवडणूक लागली की जालन्याचे ‘विश्लेषण’ जातींच्या मतांच्या बेरजेवर उरकले जाते. त्याच मतदाराने 2012-13 च्या दुष्काळात टँकरमागे घालवलेले दिवस मात्र ‘पर्यावरण’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात टाकले जातात. ही फाळणी केली कोणी?

पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी ती मानली नव्हती. सुहास पळशीकरांसमवेत ‘महाराष्ट्रातील सत्तांतर’ लिहिणाऱ्या याच अभ्यासकाने 1994 मध्ये मुळशी सत्याग्रहाचा इतिहास सिद्ध केला. 2009 मध्ये तो इंग्रजीतही आला. टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 च्या रामनवमीला मावळात पेटलेल्या त्या लढ्यातील सेनापती बापटांची धडाडी आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवी. परंतु जमीन कोणाची बुडाली, नेतृत्व कोणाचे होते, काँग्रेस कितपत पाठीशी राहिली, हे अवघड प्रश्न विचारायलाही कोणीतरी लागते. धरणाचा अभ्यास म्हणजे सत्तेचाच अभ्यास, हे व्होरांनी ओळखले होते.

आता जालन्याकडे पाहा. 1976 मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीचा डावा कालवा याच जिल्ह्यातून पुढे परभणीकडे जातो. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा 2005 चा. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, हा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा 2014 चा आदेश. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. तरीही 2023 मध्ये पाणी सोडण्याची वेळ येताच नगर-नाशिकचे सर्वपक्षीय पुढारी एका बाजूला आणि मराठवाड्याचे सर्वपक्षीय पुढारी दुसऱ्या बाजूला! एरवी ज्या झेंड्यांवरून डोकी फुटतात, ते झेंडे धरणाच्या दारापाशी गुंडाळले जातात. पक्षनिष्ठेपेक्षा खोरे बलवत्तर ठरते. पक्षीय राजकारणाच्या अभ्यासकाला याहून मोठे गूढ कोणते हवे?

कडवंचीत पाणलोटाची कामे झाली आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या. ते पाहायला गाड्या भरभरून पाहुणे येतात, शेततळ्यांची छायाचित्रे काढतात. गावातले गट-तट ओलांडून बांधबंदिस्तीला संमती कशी मिळवली गेली, हे विचारायला राज्यशास्त्राचा विद्यार्थी आला पाहिजे. त्याला पाठवायचे तर मार्गदर्शकाला आधी मतदारयाद्यांतून डोके वर काढावे लागेल, आणि पदोन्नतीच्या गुणांकनात अंबड-घनसावंगीच्या चाऱ्यांवर घालवलेल्या दोन उन्हाळ्यांना परिसंवादाच्या प्रमाणपत्राइतके तरी मोल द्यावे लागेल.