सायकल नवी, पण किती दिवसांची?

सभासद बंधू-भगिनींनो,

गळीत हंगाम संपला की आपण कारखाना तसाच झाकून ठेवत नाही. रोलर उघडतो, बेअरिंग तपासतो, उसाच्या कॅरिअरची चेन पाहतो. पुढच्या हंगामात एक दिवस मिल बंद राहिली तर काय नुकसान होते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण पोरांच्या सायकलीला हा नियम आपण लावतो का?

गावातल्या पारावर नेहमी ऐकू येते, “पूर्वीची सायकल बापाची पोराला जायची. आताची वर्ष काढत नाही.” आम्हाला हे अर्धेच पटते. जुन्या २८ इंची सायकलीची स्टीलची फ्रेम दणकट होती, हे खरे. पण पावसात तिचे रॉडब्रेक लागायचे नाहीत, कॉटर पिन ढिली व्हायची, छर्रे दरवर्षी धुवावे लागायचे. ती टिकली, कारण गावात ‘ओव्हरऑइल’ करणारा मिस्त्री होता आणि सुटा भाग मिळत होता. नुसते जुने आठवून भागणार नाही. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला.

नव्या सायकलीत चांगले पुष्कळ आहे. अ‍ॅल्युमिनियमची रिम गंजत नाही. बंद बेअरिंगमध्ये सरीतली माती सहजी शिरत नाही. डिस्क ब्रेकमुळे चिखलाने रिम घासली जात नाही. मग बिघडते कुठे? हौसेत. स्वस्त सायकलीला स्प्रिंगचा चिमटा आणि मागे-पुढे गिअर लावले, की वजन वाढते आणि बिघडणारे भागही वाढतात. जुन्या चेनची आतली रुंदी एक सूत असे. मागे १०-१२ चकत्या बसवायच्या म्हणजे चेन त्याहून अरुंद करावी लागते. ती महाग पडते आणि तालुक्याला गेल्याशिवाय मिळत नाही. दिसतं तसं नसतं, ते असं.

एक साधी तपासणी घरच्या घरी करा. चेनच्या २४ कड्या नवेपणी बरोबर १२ इंच भरतात. कड्यांच्या पिना झिजल्या की हे माप वाढते. अर्धे सूत वाढले की चेन बदला. एक सूत वाढेपर्यंत थांबलात, तर मागच्या चकत्यांचे दातही गेलेच समजा. चेनवर वाचवलेले पैसे फ्रीव्हीलमध्ये जातात.

आमचे मत स्पष्ट आहे. सायकल घेताना गिअर किती हे मागाहून विचारा. हिची चेन, टायर, ब्रेक-रबर आपल्या बाजारात मिळते का, हे आधी विचारा. शाळेच्या पोरासाठी स्प्रिंग नसलेली, एकाच गिअरची सायकल पुरेशी आहे. आणि कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या जाणत्या फिटरांनी हंगाम संपल्यावर गटवार एकेक दिवस सायकल दुरुस्तीसाठी द्यावा, गावातल्या दोन-चार पोरांना हाताशी घेऊन शिकवावे, अशी आमची संचालक मंडळाला विनंती आहे.

चेन तुटली म्हणून मुलीची शाळा आठ दिवस बुडते, तेव्हा नुकसान सायकलीचे नसते. मिल बंद पडू नये म्हणून जी काळजी आपण घेतो, तिच्यातली थोडी इकडेही घेऊ या.

आपले,
संपादक मंडळ